उंबऱ्यावरचं शेवटचं बोट

डॉक्टर मॅडमनी फाइलवर लिहिलेली ओळ मी वाचली तेव्हा मला भीती वाटायच्या आधी राग आला. माझी बायको सुनंदा, हिच्या मानेवर डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना पोत घालायला गेली आणि ती गाठ तिच्या हाताला लागली. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. मग जळगावच्या हॉस्पिटलात डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग तपासून झालं. मॅडमनी समजावून सांगितलं की या पेशी मानेतल्या नाहीत, शरीरात दुसरीकडे कुठेतरी सुरुवात झाली आणि तिथून त्या इथे आल्या. पोटातही दोन गाठी दिसत होत्या. पण सुरुवात नेमकी कुठे झाली ते कोणत्याच तपासणीत सापडत नव्हतं. काही जणांच्या बाबतीत असं होतं, असं त्या म्हणाल्या आणि फाइलवर इंग्रजीत तसं लिहिलं. अर्थ एवढाच, की मूळ अज्ञात.

मी भुसावळला रेल्वेत सिग्नल मेन्टेनर आहे. सव्वीस वर्षं झाली. रुळावर गाडी नसताना पॅनलवर लाल दिवा लागला की स्टेशन मास्तर मेमो देतात आणि आम्ही हत्यारांची पिशवी घेऊन रुळाने चालू लागतो. कुठे वायर तुटलेली असते, कुठे जोड गंजलेला असतो, कुठे उंदराने केबल कुरतडलेली असते. सापडेपर्यंत परत यायचं नाही. सगळ्यांत वाईट बिघाड कोणता म्हणाल, तर आपण पोचेपर्यंत आपोआप बरा होणारा. रजिस्टरमध्ये मग 'कारण सापडले नाही' असं लिहावं लागतं आणि साहेब चारचौघांत पाणउतारा करतात. माझ्या हातून ते वाक्य कधी लिहिलं गेलं नव्हतं. लोक मला त्यावरून चिडवायचे, पण मला त्याचा अभिमानच होता. आणि आता एक शिकलेली, शहाणी बाई माझ्याच बायकोच्या फाइलवर तेच वाक्य लिहून शांतपणे म्हणत होती, "पेशींची जात बघून औषध ठरवता येतं. आपण उपचार सुरू करू."

मी नाही म्हणालो. मूळ सापडल्याशिवाय औषध कशाला देता, असं मी विचारलं. मॅडमनी दोनदा, तीनदा सांगितलं की शोधण्यासारखं होतं ते सगळं शोधून झालंय. पण मला स्वस्थ बसवेना. पुढचे काही आठवडे मी सुनंदाला घेऊन नुसता फिरत होतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग तिसऱ्यांचं. पुन्हा घशातून दुर्बीण, पुन्हा पोटाची तपासणी, तुकड्याच्या काचपट्ट्या घेऊन कधी नाशिक तर कधी मुंबई. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच उत्तर. हॉस्पिटलच्या बाकावर मी दोन मिनिटं टेकायचो नाही. उठायचो, खिडकीपर्यंत जायचो, किल्ल्या वाजवत परत यायचो. शेजारच्या बायका सुनंदाला विचारायच्या, तुमच्या मिस्टरांना काही त्रास आहे का. ती हसून नाही म्हणायची. एका तपासणीला उपाशीपोटी नेलं आणि नंबर लागता लागता दुपार झाली, तेव्हा मात्र ती आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "मी काय तुमना सिग्नल शे का?" तिचा आवाज चढला नव्हता. पण तिला पाणीसुद्धा प्यायची परवानगी नव्हती आणि ओठ सुकले होते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

देवाचं म्हणाल तर मी फार भाविक माणूस नव्हतो. देवघर सुनंदाचं, मी फक्त दिवाळीला फुलांची पुडी आणून देणार. पण त्या दिवसांत धुळ्याला तिच्या रिपोर्टसाठी गेलो होतो, तर पाय एकवीरेच्या देवळाकडे वळले. गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहिलो आणि मनात एकच गोष्ट म्हणालो, आई, मूळ कुठे आहे तेवढं दाखव. बाकी माझं मी बघतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मला त्याची लाज पुढे फार वाटली.

घरी माणसांची रीघ लागली होती. आमचं गाव अमळनेरकडचं. तिथून माझे चुलत चुलते आबा आले. आबांना आमच्या भावकीत मान आहे. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, आखाजीला घागर भरतो का. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात. त्याआधी, दुपारी बाराच्या आत, दाराचा उंबरा धुवून, एकेका पूर्वजाचं नाव घेत त्यावर कुंकवाचं एकेक बोट लावतात. ते पितरांना जेवायला यायचं आवतण. आई होती तोवर हे सगळं ती करायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती आणि आमच्या रेल्वे क्वार्टरच्या उंबऱ्यावर त्यानंतर बोट लागलं नव्हतं. आबा मान हलवत म्हणाले, "तठेच शे तुनं मूळ. उंबरावरथीन कोनी तरी उपाशी परत जाई राहिनं."

एरवी मी अशा बोलण्यावर हसलो असतो. सुनंदा हसलीच. म्हणाली, उपाशी तर मी राहतेय तुमच्या तपासण्यांना. पण माझ्या डोक्यात ते 'मूळ' या शब्दासकट जाऊन बसलं. डॉक्टरांना सापडत नाही ते इथे असेल, असं वाटायला लागलं. आणि मी तेही काम माझ्या पद्धतीने हातात घेतलं. वही केली. आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, लहानपणी गेलेली मुलं. तलाठ्याकडे जाऊन जुने उतारे काढले. पुरुषांची नावं बापासकट सापडली, बायकांची कुठेच नव्हती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन करून करून तीही जमवली. शेवटी एकच जागा कोरी राहिली, पणजोबांच्या आईची. तिला सासरी सगळे माहेरच्या गावावरून हाक मारायचे, त्यामुळे गाव सगळ्यांना ठाऊक आणि नाव कुणालाच नाही. मला वाटलं, हीच ती. हीच उपाशी परत जाते. त्या कोऱ्या ओळीकडे मी ड्यूटीवरसुद्धा वही उघडून बघत बसायचो.

इकडे मॅडमनी औषध सुरू करायची तारीख दिली होती, आखाजीच्या आधीची. मी ती पुढे ढकलायला सांगितली. मुंबईचा एक रिपोर्ट यायचाय, हे कारण दिलं. वहीचं सांगितलं नाही, सांगायला तोंडच नव्हतं. मॅडम पहिल्यांदा जरा कडक झाल्या. म्हणाल्या, "मूळ सापडेल न सापडेल, पण आणखी थांबलो तर औषध सोसायची यांची ताकद उरणार नाही. मग माझ्याही हातात काही राहणार नाही." मी मान डोलावली आणि सुनंदाला घेऊन घरी आलो. तिचं वजन उतरत होतं. ब्लाउज दंडावर ढगळ व्हायला लागले होते. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणूनच मी अधिक जोरात धावत होतो, आणि जितका धावत होतो तितका तिच्यापासून लांब जात होतो.

आखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तिला शिंदखेड्याकडे माहेरी जायचं होतं. आमच्याकडच्या बाईला आखाजीचं माहेर सुटत नाही, वय काहीही असो. झोका बांधलेला असतो, भावजया सांजोऱ्या करतात, दुखणं चार दिवस बाजूला ठेवता येतं. मीही लगेच हो म्हणालो, कारण पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत ते गाव होतं, पणजोबांच्या आईचं माहेर. बारा वाजायच्या आत नाव मिळालं तर मेव्हण्याच्या उंबऱ्यावर का होईना, माझी यादी पुरी करून बोटं लावता येतील, असा माझा हिशेब. आमची गाडी जुनी, तिचा एसी कधीच बंद पडलेला. खानदेशातलं वैशाखाचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पारोळ्यापर्यंत सुनंदा पदराने वारा घेत होती. मी गाडी आत वळवली तेव्हा फक्त म्हणाली, "आज तरी सरळ चला." मी म्हणालो, पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने मारुतीच्या पारावरच्या नानांकडे, नानांनी आणखी कुणाकडे. इतक्या जुन्या लेकीचं नाव कुणाला आठवणार. लोक सणाच्या गडबडीत होते, तरी माझी वही बघून आदराने बोलत होते. सुनंदा गाडीत बसून होती. मी एका गल्लीतून परत आलो तर तिने दार उघडून पाय खाली सोडले होते, चेहरा पांढराफटक, आणि उलटीनंतर पदराने तोंड पुसत होती. मी धरायच्या आत ती कलंडली. माझ्या अंगावर तिचा भार आला तेव्हा मला कळलं, की भार म्हणावा असं त्यात काही उरलेलंच नाही.

समोरच एक लहानसं घर होतं, अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड. दारात काठी टेकून एक म्हातारी उभी होती. मी सुनंदाला सावरत धडपडत तिच्याकडे गेलो आणि माझ्या तोंडून काय निघावं, तर काखेतल्या वहीकडे हात करून, अक्का, मी एक नाव विचारायला आलोय. आजही ते आठवलं की मान खाली जाते. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, पहिले तिले सावलीमा आन. मंग इचारजो काय इचारनं शे ते."

लिंबाखालच्या खाटेवर तिला निजवलं. म्हातारीने ओलं फडकं दिलं, कपाळावर ठेवायला लावलं. लोट्यातून गुळाचं पाणी आणलं, चिमूटभर मीठ टाकून, आणि घोट घोट पाज म्हणाली. कोण, कुठले, काय झालंय, एक शब्द विचारला नाही. हळूहळू सुनंदाच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडून तिने लिंबाकडे पाहिलं आणि म्हणाली, इथे बरं वाटतंय. कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मी उठून येरझाऱ्या घालायला लागलो, सवयीप्रमाणे. म्हातारी दारातच उभी होती. उंबरा धुतलेला, शेजारी कुंकवाची वाटी भिजवून ठेवलेली, आत घागर भरलेली. मुलाची वाट बघून थकलेल्या तिने मला हाक मारली. "मना आंडोर सुरतथीन निंघना शे, पन त्यानी गाडी आजून उनी नही. बारा वाजाले उनात. मना गुडघा वाकत नही. तू लाव भाऊ, बोटं. मी नाव सांगस."

मी चमकलो. म्हणालो, अक्का, मी तुमच्या घरचा नाही, भाऊबंदही नाही. ती म्हणाली, "पितर काय आधार कार्ड देखतस का?" खाटेवरून सुनंदा हसली. तेवढ्या हसण्यासाठी मी काहीही केलं असतं. चपला काढल्या, हात धुतले आणि उंबऱ्यापाशी बसलो. ती एकेक नाव सांगत गेली, मी बोट बुडवून लावत गेलो. तिचा नवरा, सासू, सासरे, दोन दीर, एक तान्ही लेक. त्या लेकीच्या नावाला आवाज जरासा ओला झाला आणि पुन्हा सरळ झाला. सहा बोटं झाली. ती थांबली. मला वाटलं झालं, मी उठायला लागलो. ती म्हणाली, "बठ. आते जेस्नं नाव माले याद नही, त्यास्नं एक बोट."

मी पुन्हा खाली बसलो. विचारलं, नाव घेतल्याशिवाय कसं? ती सहज म्हणाली, जणू हे तर सगळ्यांना ठाऊक असतं, "त्यास्ले नाव नही लागत. लाव तू. त्या येतस."

बोट कुंकवात होतं आणि मला माझी आई दिसली. आमच्या क्वार्टरच्या दारात बसलेली, नावं पुटपुटत बोटं लावणारी. नावं संपली की दर वर्षी ती शेवटी आणखी एक बोट टेकवायची, गप्प राहून. गावच्या घरीही, मी कॉलेजात असल्यापासून, ते बघत होतो आणि मला वाटायचं, बोटाला उरलेलं कुंकू पुसतेय. सगळा जन्म मी तेवढंच समजलो. आई होती तोवर आमच्या उंबऱ्यावरून कुणी उपाशी गेलं नव्हतं. पणजोबांच्या आईला आईने दर आखाजीला जेवायला बोलावलं होतं, नावाशिवाय. मी मात्र तिचं नाव शोधत माझ्या जिवंत बायकोला उन्हात बसवून ठेवलं होतं.

आणि त्याच वेळी एकवीरेपुढचं माझं मागणं मला आठवलं. मूळ दाखव, म्हणालो होतो. सुनंदाला बरं कर, असं मी म्हणालोच नव्हतो. इतक्या दिवसांत एकदाही नाही. मला माझं कोडं सोडवून हवं होतं आणि त्याला मी तिच्यावरचं प्रेम म्हणत होतो. त्या परक्या उंबऱ्यावर बसून मला रडू फुटलं. म्हातारीला वाटलं असेल, मला माझं कुणी आठवलं. मी बोट लावलं. नाव घेतलं नाही. मनात इतकंच आलं, आई, मला काही कळत नाही, तू बघ हिच्याकडे.

लिंबाखाली येऊन मी हॉस्पिटलला फोन लावला. आम्ही तयार आहोत, लवकरात लवकर कधी येऊ, एवढंच विचारलं. सिस्टरने मॅडमना विचारून सांगितलं, सोमवारी सकाळी. सुनंदा ऐकत होती. मुंबईच्या रिपोर्टचं काय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, येईल तेव्हा येईल. तिने डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट धरून ठेवलं. निघताना म्हातारीने घागरीवरचं डांगर कापून आमच्या हातावर फोडी ठेवल्या. तिचं नाव मी विचारलं नाही. वही काखेतच होती, पण त्या गावात मी ती पुन्हा उघडली नाही. शिंदखेड्याला पोचेपर्यंत सुनंदा झोपली होती.

सहा वेळा औषध झालं. तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. दोनदा तापाने भरती करावं लागलं. ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. पण सलाइन चालू असताना मी तिच्याजवळ बसायला शिकलो. चार चार तास. पाय हलायचा, किल्ल्यांकडे हात जायचा, पण मी बसायचो. ती मला माहेरच्या झोक्याच्या गोष्टी सांगायची, ज्या मी लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही कधी ऐकल्या नव्हत्या. मुंबईचा रिपोर्ट आला. त्यातही तेच होतं, मूळ अज्ञात. मी तो फाइलला लावला आणि तिला विचारलं, खिचडी करू का. शेवटच्या तपासणीत मानेची गाठ दिसली नाही. पोटातली एक गेली, एक लहान होऊन तशीच आहे. मॅडम म्हणतात, लक्ष ठेवू. पुढचं त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. कधी कधी अजून रात्री उठून देवघरापुढे जातो. मग मी कोड्याचं उत्तर मागत नाही, तिचं आजचं जेवण मागतो, आजची झोप मागतो. ते बहुतेक वेळा मिळतं.

पावसाळ्यात एकदा लूप लाइनचा, म्हणजे बाजूच्या रुळाचा, लाल दिवा लागला आणि मी पोचेपर्यंत आपोआप गेला. सगळे जोड तपासले, केबल तपासली, काही सापडलं नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, कारण सापडले नाही, सिग्नल चालू आहे. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.

यंदाच्या आखाजीला सकाळी लवकर आम्ही त्या गावी जाऊन आलो. म्हातारीचा मुलगा या वेळी आदल्याच दिवशी सुरतेहून पोचला होता. तिने सुनंदाला हाताला धरून लिंबाखाली बसवलं आणि तिच्या डोक्यावरच्या आखूड, नव्या केसांवरून हात फिरवला. या वेळीही काही विचारलं नाही. आम्ही आंब्यांची करंडी ठेवली आणि आपल्या घागरीची वेळ चुकू नये म्हणून लगेच परत फिरलो.

क्वार्टरचा उंबरा सुनंदाने धुतला. घागर भरली, वाटीत कुंकू भिजवलं. मी वही समोर ठेवली आणि नावं घेत बोटं लावत गेलो, आईचं सगळ्यांत आधी. यादी संपली. कोरी ओळ तशीच कोरी होती. मी वही मिटली आणि आणखी एकदा बोट बुडवलं. सुनंदा पाण्याचा लोटा घेऊन मागे उभी होती.

"हाई कोननं?" तिने विचारलं.

"माहीत नही."

"लाव मंग," ती म्हणाली. कधी नव्हे ते ती माझ्याशी एकेरीत बोलली होती. मी बोट लावलं.